सुगरणीचा नर

उमरावती, आषाढ शुद्ध सप्तमी, शके १७८६

मनकर्णा,

आशीर्वाद. मोठ्यानं वाचा मास्तर, पहिलाच शब्द गिळू नका.

मनकर्णा, हे पत्र तुले कोण वाचून दाखवते ते मले ठाऊक हाये. तुह्या बाबाले अक्षर येत नाही, तुले येत नाही, अन् अकोल्यात तुमच्या आळीत लिहितं-वाचतं माणूस एकच, शाळेचा वामनराव मास्तर. नवरा-बायकोच्या मधात हा तिसरा बसला हाये. मले बायकोले दोन शब्द लिहायचे तर ते आधी त्याच्या डोळ्यांखालून जातात. जाऊ दे. पेढीवर मी पुणेरी मराठी त्याच्यापेक्षा सुबक लिहितो, पण घरच्या माणसाले मी घरच्याच बोलीत लिहीन. 'मले' अन् 'तुले' म्हणता म्हणता मास्तराच्या जिभेले पेटके आले तर येऊ दे.

आखाजीच्या सणाले म्हणून तू माहेरी गेली. आखाजी झाली, पेरणी झाली, कापसाच्या पऱ्हाटीले पानं फुटली, तू काही आली नाही. मी बंडी पाठवली, ती रिकामी परत आली. सहदेव गाडीवान म्हणे, "भाऊ, बाई बसल्याच नाही." काहून म्हणून इचारलं तर तो बैलाच्या शेपटीकडं पाहून राहिला.

तिकडं अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली अन् इकडं आपल्या रुईले सोन्याचा भाव आला. दलालाच्या पेढीवर मी कारकून, माहेही दिवस पालटले. भातकुलीच्या सामाईक घरात जावांच्या धुसफुशीले तू कंटाळली होती, म्हणून कापूसबाजाराच्या तोंडाशी दुमजली घर उठवलं. मुंबईहून रंगीत काचा आणल्या, तांबड्या, निळ्या, पिवळ्या. चैतात तुले दाखवायले आणलं. तू खालून वर गेली, वरून खाली आली, चुलीपाशी उभी राहिली अन् म्हणली, "पाणी कुठून आणायचं?" मी म्हणलं, पाणक्या लावू. तू चूलही पेटवली नाही. घर दाखवून आणलेली बाई आखाजीच्या नावानं गेली ती गेलीच.

अन् आता तुहं पत्र आलं, मास्तराच्या मोत्यासारख्या अक्षरात. खुशाली ओळभर, मास्तराचं कौतुक पानभर. आइतवारी देवळाच्या सभामंडपात तो सृष्टीची कारागिरी सांगते म्हणे. अंड्यातल्या पिलाच्या चोचीवर देव इवलासा दात ठेवते, कवच फोडायपुरता. पिलू बाहेर आलं का तो दात गळून पडते. हत्यार देलं, काम झालं, हत्यार काढून घेतलं. असं आपोआप कसं होईन, ह्याच्यामागं कोणीतरी शहाणा कारागीर बसला असनच, असं मास्तर म्हणते अन् खांबाआडच्या साऱ्या बाया माना डोलावतात. तुही मान किती डोलली ते तू लिहिलं नाही. मले दिसते ती मान.

मंग सुगरणीची गोठ. एवढ्याशा मादीले देवानं कशी अक्कल देली, चोचीनं खोपा विणते, आपलं घर आपण उभारते, बायांनो हिच्यापासून शिका. हे ऐकून तुह्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. माह्या घराच्या काचा पाहून नव्हतं आलं.

पाद्र्याच्या पुस्तकातलं उष्टं असन ते सारं. त्याले म्हणा, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं सोपं असते.

मी जळून राहिलो हाये, मनकर्णा. हे मास्तरानं ऐकलं तरी चालन. बंडी पुढच्या बाजाराच्या दिवशी येईन, तिच्यात बस.

खुशालराव


उमरावती, आषाढ वद्य एकादशी

मनकर्णा,

बंडी रिकामीच आली. संगं तुहं उत्तर आलं, ते वाचून वाचून घडीवर फाटलं. त्यातले तुहे शब्द कोणते अन् मास्तराचे कोणते, ते मी तांदळातल्या खड्यांसारखे निवडत बसलो होतो. "मले तुमचं घर पसंत नाही, राग येईन तर येऊ द्या," हे तुहं. "जीवमात्रास अनुकूल अशी व्यवस्था," हे तुहं नाही. तुह्या बापाच्या सात पिढ्यांत कोणी 'अनुकूल' म्हणलं नसन.

पण गोठ समजली. मास्तर म्हणते, हे जग म्हणजे देवानं जिवांसाठी आधीच मांडून ठेवलेलं घर. ऊन पाह्यजे तेवढंच. उलीसं जास्त झालं तर रान जळन, कमी झालं तर बी रुजणार नाही. वारा असा का श्वास घेता यावा पण झाड उपटू नये. आपली काळी माती अशी का पावसाचं पाणी पोटात धरून ठेवन अन् पाऊस गेल्यावरही पऱ्हाटीले पाजत राहीन. आधी पाणी, वारा, ऊन. मंग मासा, मंग पाखरू, मंग माणूस. अन् ह्यावर तुहं म्हणणं काय, तर "देवानं पहिले पाणी मांडलं. तुमी पहिले काचा मांडल्या."

हे वाक्य त्याच्या अक्षरात वाचतानी मले काय झालं असन ते तूच समज. लिहितानी त्यानं ओठ दाबले असतील. काचा उघडत नाहीत, वारा येत नाही, बाजाराची रुई उडून पिठात पडन, चुलीच्या धुराले वाट नाही, विहीर नाही. हे सारं तुले चैतात तोंडानं सांगता आलं असतं. मी समोर उभा होतो. मले सांगतलं नाही अन् त्याले बसून लिहून देलं. माह्या घराचं गाऱ्हाणं परक्या माणसापाशी.

मले काहून नाही सांगतलं?

बद्रुद्दीन गवंड्याले तुहं पत्र वाचून दाखवलं, कारण घर त्यानं बांधलं. वाटलं, तो तरी माही बाजू घेईन. तो थापी धूत म्हणे, "खुशालभाऊ, मय तो तुम जैसा बोले वैसा बनाया. भौजी को पूछे थे क्या?" मी म्हणलं, घर पाहावं बांधून, लगन पाहावं करून, असं आमच्यात म्हणतात, अन् मी दोन्ही करून बसलो. तो म्हणे, "दोनों में पूछना पडता, भाऊ." त्याचाही राग आला. आजकाल मले ज्याचा त्याचा राग येते.

आता पुढचं तुमच्यासाठी, मास्तर. सुगरणीवर तुमी लय बोलले. खोपा विणतानी तुमी कधी पाह्यला, का पुस्तकातच? भातकुलीच्या वाटेवर विहिरीवर एक बाभूळ वाकली हाये, तिले खोपे लटकून राहिले. मी तिथं जाऊन बसणार हाये. तुमच्या त्या कारागिरीत एक टाका जरी उसवलेला सापडला, तरी साऱ्या अकोल्याले दाखवीन.

खुशालराव


उमरावती, श्रावण शुद्ध दशमी

मनकर्णा,

सापडला.

पेढीवर पोट दुखते म्हणून सांगतलं, तेही काही खोटं नाही, अन् रोज सकाळी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. येणारे-जाणारे म्हणत, रुईचा भाव चढला तसा कारकुनाच्या डोस्क्यातही काही चढलं. म्हणू दे. आता मी जे पाह्यलं ते ऐक, अन् मास्तर, तुमी वाचतानी अडखळू नका.

खोपा विणते तो नर. पिवळ्या डोक्याचा, पिवळ्या छातीचा, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. शिंदीच्या पानाची लांब चिरी काढते, चोचीत धरून आणते, फांदीले गाठ मारते, उलटा लटकून टाका घालते. आतून ओल्या मातीचे ठिपके लावते. सारी मेहनत त्याची. मादी मळकट, चिमणीसारखी. तिनं काडीले चोच लावली नाही.

आज्या-पणज्यांपासून आपण सुगरण विणते, सुगरण विणते म्हणत आलो अन् पोरींच्या डोस्क्यावर तेच आपटत आलो. तुह्या मायनंही लग्नात तुले तेच सांगतलं होतं. साऱ्या मुलखानं न पाहता बायकोच्या नावावर चढवलेलं काम, अन् मास्तर, तुमी देवळात उभं राहून देवाच्या साक्षीनं तेच ठोकून देलं. उचलली जीभ, लावली टाळूले. ज्याची कारागिरी सांगता, त्याचं एक पाखरू तरी नीट पाहावं.

अजून हाये. खोपा अर्धा झाला का नर पंख फडफडवून बोलावते. मादी येते. मधल्या दांडीवर बसते, आत डोकं घालते, वीण चोचीनं ओढून पाहते, वाऱ्यानं खोपा किती हालते ते पाहते. अन् बहुतेक वेळा उडून जाते, मनकर्णा. नर तिथंच लटकून राहते. मंग तो खोपा तसाच अर्धा टाकते अन् शेजारी नवा धरते. त्या बाभळीवर वस्तीच्या खोप्यांपेक्षा सोडलेले जास्त.

आता सांगा मास्तर. तुमचा कारागीर एवढा शहाणा, पिलाच्या चोचीवरचा दातही विसरत नाही, मंग इथं एवढी नासाडी काहून? पहिलाच खोपा पसंत पडन असं पाखरू त्याले करता आलं नाही का? हा प्रश्न येत्या आइतवारी मंडपात वाचून दाखवा. हिंमत असन तर माह्या नावानिशी.

एका नराचा खोपा मले लय आवडला होता. घट्ट विणीचा, डौलदार, पाण्याच्या बरोबर वर. मादी आली, आत गेली, बाहेर आली अन् गेली. मी तिले मारायले खडा उचलला. हात वर केला अन् तसाच राहिला. हे काहून लिहिलं मले माहीत नाही. मास्तर, एवढं वगळलं तरी चालन.

खुशालराव


उमरावती, श्रावण वद्य अष्टमी

मनकर्णा,

सहदेव काल अकोल्याहून आला अन् बाजारात साऱ्यांदेखत सांगत बसला. मास्तरानं माहं पत्र मंडपात वाचलं, माह्या नावानिशी. वाचून झाल्यावर हात जोडले अन् म्हणला, "मी चुकलो. मी न पाहता बोललो. खुशालरावांनी पाहून लिहिलं, त्यांचं खरं." लोकांनी वाहवा केली म्हणे.

म्हणजे मी जिंकलो. मले वाटलं होतं, जिंकल्यावर पोटात थंड पडन. पण भर देवळात जो आपली चूक कबूल करते त्याले कोणती बाई वाईट म्हणन? मी त्याले पाडायले गेलो अन् तो अजून वर चढला.

हे एक झालं. दुसरं ह्याच्यापेक्षा जड. खांबाआडून तू बोलली. बाप बसला असतानी, गाव बसलं असतानी. मास्तरानं इचारलं, "मग इतके खोपे वाया का जातात, कोणी सांगाल?" अन् तू म्हणली, "वाया नाही जात. आमच्या घरच्यांनी नराचे हात पाह्यले, मादीची पारख नाही पाह्यली. देवानं विणायचं एकाले देलं अन् पाहायचं दुसरीले. अंडी तिले घालायची हायेत. खोपा तुटला तर पिलं तिची मरतील. तिनं ओढून पाह्यलं तर काय चुकलं?"

त्यावर मास्तर म्हणला, "हे मला सुचलं नसतं."

माह्या बायकोले असं म्हणणारा हा कोण? सहदेव सांगते, तुहं तोंड उजळलं होतं. गाडीवानाले ते दिसलं, साऱ्या मंडपाले दिसलं, अन् मले चैतापासून तुहं तोंड दिसलं नाही. लगन होऊन एवढी वर्सं झाली, माह्यासमोर तू एवढं लांब कधी बोलली? हो, नाही, वाढू का. एवढं सारं तुह्या पोटात होतं तर ते माह्यासाठी काहून नव्हतं? परक्यानं एक प्रश्न टाकला अन् तू कणगीचं तोंड मोकळं केलं.

आता बस झालं. माय म्हणते, परतवाड्याची एक पोरगी सांगून आली हाये. पोरीचा बाप घर पाहून गेला, काचा पाहून खुश झाला. पाणी कुठून येईन ते त्यानं इचारलं नाही. पोळ्यापर्यंत तू आली नाही तर मी दुसरी करीन. हे रागातलं समजू नको, लेखी समज.

मास्तर, हे सावकाश वाचा, शब्द न् शब्द. अन् तिचं तोंड कसं होते ते मले कळवा.

खुशालराव


उमरावती, भाद्रपद शुद्ध तृतीया

वामनराव मास्तर,

रामराम. माहं पत्र तुमी परत पाठवलं. संगं तुमची चिठ्ठी: "हे मी माझ्या तोंडानं कोणत्याही बाईला ऐकवणार नाही. तिला यातलं काही कळलेलं नाही. सांगायचंच असेल तर स्वतः या आणि तिच्या तोंडाकडे पाहून सांगा."

तुमी कोण लागून गेले? आजवर माह्या पत्रांतलं सारं वाकडंतिकडं तुमी मुकाट वाचलं. तुमाले उष्टं खाणारे म्हणलं तेही वाचलं, सहदेव सांगते, आवाजही न बदलता. मंग इथंच काहून अडले? तिच्यावर एवढी माया? लिहा, लाजू नका. तुमची बायको वारली हाये अन् वय माह्याएवढंच हाये, एवढी माहिती मी काढली. अजून काढीन.

का तुमाले असं वाटलं का मी येणार नाही?

पोळा झाला. माय रोज परतवाड्याचं नाव काढते. मी येऊन राहिलो. सांगायचं ते सांगीन, तिच्या तोंडाकडं पाहूनच सांगीन. मधात तुमी नसावं एवढंच म्हणणं.

खुशालराव


उमरावती, कार्तिक वद्य पंचमी

वामनराव मास्तर,

रामराम.

अकोल्यात मी आलो त्या आइतवारी तुमी मले ओळखलं नाही. मी मंडपाबाहेर जोड्यांपाशी उभा होतो. तुमी बर्फाचं सांगत होते. दुसरी कोणतीही चीज गोठली का जड होते, पण पाणी गोठलं का हलकं होते अन् वर तरंगते. म्हणून थंड मुलखातल्या तळ्यावर बर्फाचं झाकण बसते अन् खाली मासे जगतात. ते बुडलं असतं तर तळं बुडापासून गोठलं असतं अन् एक मासा उरला नसता. वऱ्हाडात बर्फ पाह्यलेला माणूस एक नसन. तरी सारे असे ऐकत होते का त्यांच्याच घरचे मासे वाचले. खरं सांगतो, मीही.

मंग मी खांबाकडं पाह्यलं. मनकर्णा खाली बसली होती, हनुवटीखाली हात घेऊन. डोळे तुमच्यावर. त्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं, तसं असतं तर बरं झालं असतं. मी तुमाले मारलं असतं, तिले सोडलं असतं, सारं सरळ झालं असतं. ती फक्त ऐकत होती. पण तसं तिनं माहं कधी ऐकलं नव्हतं. अन् ऐकण्यासारखं मी तिले कधी काय सांगतलं? रुईचा भाव.

सांजी सासऱ्याच्या परसात ती तुरी निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. वाटभर ते वाक्य घोकत आलो होतो, दुसरी करीन, दुसरी करीन. तोंडातून निघालं ते, "उलीसं पाणी दे." तिनं देलं. पिऊन झाल्यावर मी म्हणलं, "हे घर पसंत नाही तर कोणतं पसंत हाये?"

ती म्हणली, "इचारून राहिले का सुनावून राहिले?"

मंग म्हणलं, "इचारून."

तिनं सूप बाजूले ठेवलं. "मंग आधी जागा पाहू. पाणी कुठं लागते ते पाहू. भिंती मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंडीत बसली. परतवाड्याचं तुमी तिले खरंच सांगतलं नव्हतं, हे मले तेव्हा कळलं. म्हणून ते मीच सांगतलं, बंडीत, सहदेवाच्या पाठीमागं बसून. झोपेतही बोलणारा सहदेव नुसता बैल हाकत राहिला. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणली, "आणली असती तर तिलेही पाणीच लागलं असतं." झालं एवढंच. परतवाड्याले नकार कळवला. मायनं माह्याशी बोलणं सोडलं हाये.

काचेचं घर पेढीले रुई ठेवायले देलं. रुईले पाणी लागत नाही, वारा लागत नाही, अन् ती तक्रार करत नाही. बद्रुद्दीनले संगं घेऊन मनकर्णा जागा पाहत फिरली. दोन जागा तिनं पायानंच नाकारल्या, नुसती उभी राहिली अन् चालू लागली. बद्रुद्दीन मले म्हणे, "भाऊ, आप चूप रहो, काम बराबर चल रहा है." गावाबाहेर जरा उंचावर एक जागा तिनं धरली. पहिले विहीर खोदली. पाणी गोड लागलं, त्या दिवशी तिनं सगळ्यांले पोळ्या घातल्या. आता भिंती छातीइतक्या आल्या. खिडक्या कुठं ठेवायच्या ते ती उघड्यावर उभी राहून, पदर वाऱ्यावर धरून ठरवते. अशी गंमत मी कधी पाह्यली नव्हती.

पण तुमच्यावरचा जळफळाट गेला, असं समजू नका. आली तेव्हा उठता-बसता 'मास्तर म्हणत होते' चालायचं. पाल भिंतीवर दिसली तर मास्तर म्हणत होते, दूध तापलं तर मास्तर म्हणत होते. माहं तोंड पाहून तिनं ते बंद केलं. आता ती तुमचं नाव काढत नाही, तर माहा जीव अजूनच जळते. वाटते, मनात काढत असन. हे पत्र लिहायले बसलो तेव्हा मनात एक भलतंच होतं, तेही सांगून टाकतो. तुमाले म्हणणार होतो, दर महिन्याले एखादं जनावर मले लिहून पाठवा, गुपचूप, सहदेवाच्या हातून. मी ते माह्या नावानं तिले सांगीन. मंग लाज वाटली. तिले कळलंही असतं.

अन् परवा एक झालं. नव्या चौकटीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीची इवलीशी मडकी बांधली. गळा असलेली, कडा दुमडलेली, आमच्या कुंभारालेही जमणार नाही अशी. मनकर्णानं मले हाक मारली. आजवर तिनं मले काही पाहायले बोलावलं नव्हतं. दोघं चौकटीपाशी बसलो. माशी पऱ्हाटीवरची हिरवी अळी घेऊन आली, मडक्यात कोंबली, वर माती लिंपली अन् गेली. बद्रुद्दीनच्या ओळंब्याचा धक्का लागून एक मडकं फुटलं. आत अळी होती, मेलेली नव्हती. चालता येत नव्हतं, पण बोट लावलं तर उलीशी आकसली. तिच्यापाशीच माशीचं अंडं होतं.

मनकर्णा म्हणली, "पिलाले ताजं खायले भेटावं म्हणून तिले जित्ती ठेवलं." मी म्हणलं, हो. ती म्हणली, "माशीसाठी त्यानं सारं मांडलं. माती मांडली, गळ्याचं मडकं शिकवलं, भरलेली कोठी मांडली. मंग अळीसाठी काय मांडलं? तिलेही त्यानंच केलं ना?"

इथं तुमची आठवण झाली, अन् जीव असा जळला का काय सांगू. तरी मी म्हणलं, "मास्तरांले इचारू का? आजच लिहितो." हे म्हणायले मले किती जड गेलं ते देवालेच ठाऊक.

ती म्हणली, "नको. तुमाले काय वाटते ते सांगा."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्या चौकटीपाशी जाऊन बसतो. ती विहिरीपाशी मांडलेली चूल पेटवून येते, पदराले हात पुसते अन् बाजूले बसते. मले अजून काही सुचलं नाही. ती वाट पाहून राहिली हाये, घाई करत नाही.

उत्तर तुमच्यापाशी असन. पाठवू नका.

खुशालराव